लघवीला फेस, सकाळी चेहऱ्यावर सूज: किडनीचं दुखणं वेळेत ओळखायचं कसं?

केळफूल
नमस्कार मंडळी. माझ्या आत्याविषयी विचारायचंय, पण उत्तरं सगळ्यांच्याच कामी येतील म्हणून इथे धागा काढतेय. आत्या बार्शीला असते, वय ६१, शुगर जुनी आहे, बीपीची गोळीही चालू आहे. दिवाळीपासून तिची शुगर एकदम छान यायला लागलीय, उपाशीपोटी १८०-१९० असायची ती आता ९०-१०० च्या आसपास. मध्ये तर एकदा इतकी खाली गेली की घाम फुटून हातपाय थरथरायला लागले, साखर खाल्ल्यावर बरं वाटलं. तिथल्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि घरात सगळे खूश, मेथीच्या पाण्याचा गुण आला म्हणून. पण परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं तर चेहरा सुजल्यासारखा वाटला, डोळ्यांखाली जास्तच. विचारलं तर म्हणाली, सकाळी असतो गं असा, दुपारपर्यंत उतरतो. अंगाला खाज येते, जेवण जात नाही, तोंड कळकल्यासारखं लागतं म्हणते, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठते. आतेभावाचं म्हणणं वयोमानाने होतं असं, पण मला चैन पडेना. हे किडनीचं असू शकेल का? आणि एकूणातच कुठली लक्षणं खरोखर मनावर घ्यायची?

सोनटक्का
आधी क्रिएटिनिन करून घ्या, किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते. बाकी चर्चा नंतर.

कृष्णाकाठी
आत्याबाईंची पाठ दुखते का? किडनी बिघडली की कंबर-पाठ दुखायलाच पाहिजे. आमच्या चुलत्यांना एवढी कळ यायची की गडाबडा लोळायचे. पाठ दुखत नसेल तर फार काळजी करू नका असं माझं मत. पाणी भरपूर प्यायला सांगा, दिवसाला चार-पाच लिटर, सगळं धुऊन निघतं.

वॉर्ड_नंबर_आठ
कृष्णाकाठी, तुमच्या चुलत्यांना बहुतेक मुतखडा असणार. खड्याची कळ बरगडीखालून जांघेकडे उतरते, लाटेसारखी येते-जाते, माणूस एका जागी बसू शकत नाही. पण किडनी हळूहळू निकामी होण्याचा जो आजार आहे, ज्याला आम्ही सीकेडी म्हणतो, तो बहुतेकांना अजिबात दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात. आणि चार-पाच लिटर पाण्याचा सल्ला कृपा करून देऊ नका. खडा असलेल्याला जास्त पाणी चांगलं, पण ज्याची किडनी मंदावलीय आणि अंगावर सूज आहे त्याला तेवढं पाणी पाजलं तर ते फुप्फुसात साचून रात्री धाप लागून दवाखाना गाठावा लागेल.

केळफूल, मी इथे निदान करत नाही, पण तुमच्या पोस्टमधल्या ज्या गोष्टीवर घरात आनंद झालाय तीच मला सगळ्यात जास्त खटकली. जुन्या मधुमेही माणसाची शुगर औषध न वाढवता, वजन-पथ्य फारसं न बदलता आपोआप खाली यायला लागली तर आधी किडनी तपासायची. इन्सुलिन शरीरातून काढून टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, शुगरच्या काही गोळ्याही रेंगाळतात, वर भूक कमी झालेली असते, मग तीच जुनी गोळी जड व्हायला लागते. माणसाला वाटतं मधुमेह बरा झाला. ओपीडीत पेशंट हसत हसत सांगतात, डॉक्टर, माझी शुगर गेली, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत आमच्या पोटात गोळा आलेला असतो.

त्यात सकाळी डोळ्यांभोवती सूज, खाज, तोंडाची बिघडलेली चव, रात्रीची लघवी, हे सगळं एकत्र आलंय. उद्याच्या उद्या क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळतेय त्याचा आकडा, जितका कमी तितकं वाईट), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, म्हणजे यूरिन एसीआर, करून घ्या. बीपी मोजा. आणि आत्या सध्या कुठली वेदनाशामक गोळी घेते का ते नक्की विचारा.

सोनटक्का
+१. शुगरचं हे मला माहीतच नव्हतं.

केळफूल
वाचून धडकीच भरली. आतेभावाला फोन केलाय, उद्या लॅबमध्ये नेतोय. गोळीचं विचारलं, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून आणलेली एक लाल गोळी रोज घेते म्हणे, नाव सांगता येत नाहीये. पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितलाय.

वॉर्ड_नंबर_आठ
आजपासून ती बंद ठेवायला सांगा, फोटो आल्यावर बघू. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या जातीतली असेल तर मधुमेह-बीपीवाल्या किडनीला ती रोज नकोच. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

लॅबवाला_बंडू
माझा रोजचा धंदा म्हणून लिहितो. लघवीला फेस हा शब्द धाग्याच्या नावात आहे म्हणून. सगळा फेस वाईट नसतो. जोरात धार पडली की बुडबुडे येतात, संडासात क्लीनर टाकलेला असेल तरी येतात, ते लगेच फुटतात. बारीक दाट फेस, जो पाणी ओतलं तरी कडेला चिकटून राहतो आणि रोजच दिसतो, तो प्रोटीनचा असू शकतो. पण डोळ्याने ओळखण्यात अर्थ नाही, तपासून घ्यायचं.

आता तपासणीतली गोम. लोक यूरिन रुटीन, म्हणजे पट्टी बुडवून होणारी लघवीची साधी तपासणी, करतात, त्यात अल्ब्युमिन निल आलं की निश्चिंत होतात. पट्टीवर जे दिसतं ते प्रमाण बऱ्यापैकी वाढल्यावर दिसतं. एसीआरमध्ये ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० हा सुरुवातीचा टप्पा, आणि हा टप्पा साध्या पट्टीतून बऱ्याचदा निसटतो. मधुमेही माणसाला नेमका इथेच पकडायचा असतो. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार बाटलीत घ्यायची. ताप असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी जबरदस्त व्यायाम केला असेल तर आकडा खोटा वाढतो, तेव्हा थांबून द्या. एकदा वाढलेला आला म्हणजे आजार झाला असंही नाही, तीन महिन्यांच्या काळात परत करून बघतात.

चाफेकळी
बंडूभाऊ, हे इतकं नीट लॅबमध्ये कोणी सांगत नाही हो. नुसती डबी हातात देतात.

माणदेशी_पठ्ठ्या
एक शंका. असं सांगून सगळ्यांनाच लॅबमध्ये पाठवायचं का? फेस बघितला, पाय सुजला, रात्री उठावं लागलं, अशी लक्षणं मोजत बसलं तर घरातला प्रत्येक माणूस पेशंट. माझे पाय एसटीत सहा तास बसलं तरी सुजतात. म्हातारे लोक रात्री उठतात ते प्रोस्टेटमुळेही. लोकांना घाबरवून तपासण्या करवून घेणाऱ्या पॅकेजवाल्यांचं यात फावतं.

वॉर्ड_नंबर_आठ
तुमचा मुद्दा रास्त आहे. एकेकटं लक्षण घेऊन बसलं तर काहीच कळत नाही, पायाची सूज हृदय, लिव्हर, थायरॉइड, बीपीच्या अॅम्लोडिपिनमुळेसुद्धा येते. म्हणून मी लक्षणांच्या यादीपेक्षा माणसाकडे बघा म्हणतो. मधुमेह आहे, बीपी आहे, घरात कोणाला डायलिसिस लागलेलं आहे, वारंवार खडे होतात, बाळंतपणात बीपी वाढलं होतं, वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, अशांनी लक्षण नसताना वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि एसीआर करायचं. टाइप २ मधुमेहात तर निदान झालं त्याच वर्षापासून. बाकी धडधाकट पंचविशीतल्या माणसाने मोठमोठी पॅकेजं घेण्याची गरज नाही.

आणि प्रोस्टेटचं म्हणालात, तेही सोडून देऊ नका. लघवी अडून वर किडनीत दाब गेला की किडनी बिघडते, आणि हा असा प्रकार आहे की अडथळा वेळेत काढला तर बरीचशी परत सुधारू शकते. म्हातारा माणूस थेंब थेंब होतंय म्हणत असेल तर सोनोग्राफी करायलाच हवी.

सिडनीकर_वृंदा
इथे ऑस्ट्रेलियात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, धोक्यातल्या लोकांची तीन गोष्टींची तपासणी करतात: बीपी, रक्तातून ईजीएफआर आणि लघवीचं एसीआर. बस. पॅकेज वगैरे काही नाही. माझं गरोदरपणात बीपी चढलं होतं म्हणून दर वर्षी माझी होते, मी विसरले तरी नर्स आठवण करते. पुण्यातल्या बहिणीचंही तसंच झालं होतं, तिला कोणी पुढे विचारलंच नाही. आज हा धागा तिला पाठवला.

लोखंड_उचल्या
माझं क्रिएटिनिन १.४ आलंय, वय २७, जिम करतो, क्रिएटिन पावडर घेतो. लॅबच्या रिपोर्टवर लाल अक्षर. आई तेव्हापासून रडतेय. मी संपलो का?

लॅबवाला_बंडू
आईंना आधी पाणी द्या.

वॉर्ड_नंबर_आठ
क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. ज्याच्या अंगावर मांस जास्त, त्याचं थोडं वरच असतं, त्यात पावडर आणि मांसाहार. तरी दुर्लक्ष करू नका. पावडर बंद करा, दोन-तीन आठवड्यांनी परत करा, आदल्या दिवशी जिमला सुट्टी, सोबत एसीआर आणि बीपी. तरी शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. इंजेक्शनं घेत असाल, जिममधल्या कोणी दिलेली, तर ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. आईसमोर नको असेल तर एकटे जाऊन सांगा.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. ७० वर्षांच्या बारीक चणीच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं. तिचा ईजीएफआर काढला तर ५४ च्या आसपास येतो. तोच १.१ पंचविशीतल्या पोराचा असेल तर ९५. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा आजार धरतात. आपल्याकडच्या कितीतरी आज्या त्या नॉर्मल अक्षराखाली दडून राहतात. शिवाय किडनीचं जवळजवळ निम्मं काम जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या रेषेत राहू शकतं, त्यामुळे ०.७ चं १.१ झालं हा बदलसुद्धा बघायला हवा. जुने रिपोर्ट फेकू नका.

पूर्णाकाठ
मी संग्रामपूर तालुक्यातला. तुमच्या इथल्या गप्पा वाचून लिवतो आता, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचा भाग खारपाणपट्टा. बुलढाणा, अकोला, अमरावती, पूर्णेच्या काठची गावं. बोअरचं पाणी इतकं खारं का डाळ शिजत नाही, चहा फाटते. आमच्याकडे किडनीचा पेशंट नाही असं गाव दाखवा म्हणलं तर शोधाव लागते. माझे मोठे भाऊ ४४ वर्षांचे होते, शुगर नाही, बीपी नाही, दारू नाही, लघवीले फेस नाही. शेतात काम करताना थकवा, बस तेवढाच. लोकं म्हणले उन्हाचं हाय, ग्लुकोज लावा. सलाईन लावून लावून महिने गेले. मंग अकोल्यात तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. सोनोग्राफीत बारक्या झालेल्या दिसल्या. डॉक्टरसाहेब, तुम्ही जे लक्षणं सांगता ते त्याले एकही नव्हतं. मंग आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं?

वॉर्ड_नंबर_आठ
पूर्णाकाठ, भावाचं वाचून फार वाईट वाटलं.

तुम्ही जे लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. मधुमेह नाही, बीपी नाही, लघवीत प्रोटीन फारसं जात नाही, आणि तरी किडनी सुकत जाते, असा एक आजार जगात काही ठराविक भागांत दिसतो. आंध्रात श्रीकाकुळमचा उद्दानम भाग, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वामधले ऊसतोड कामगार. बहुतेक उन्हात राबणारे, ऐन वयातले पुरुष. एकच कारण अजून कोणी ठामपणे सिद्ध केलेलं नाही. ऊन आणि वारंवार शरीरातलं पाणी कमी होणं याच्याकडे मोठं बोट दाखवलं जातं, सोबत वेदनाशामक गोळ्या, कीटकनाशकं, पाण्यातले घटक यांच्यावरही संशय आहे. तुमच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याबद्दलही तेच, लोकांचा अनुभव खोटा नाही पण नुसत्या क्षारांनीच होतं असं म्हणायला पुरावा अजून पुरा नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. अशा भागात लघवीच्या पट्टीवर विसंबायचं नाही, कारण ती साफ येऊ शकते. तिशी ओलांडलेल्या, उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकाचं वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन करायचं. थकवा असेल तर सलाईनच्या आधी हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन. रक्त तयार व्हायला लागणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच बनतं, म्हणून किडनी गेली की रक्त कमी होतं, आणि आपण लोहाच्या गोळ्या खात बसतो.

शिवार
आमच्या बीडकडून उसाला जाणाऱ्या टोळ्यांचं बघा. कोयता म्हणजे जोडप्याने राबायचं, पहाटेपासून फडात, पाण्याची सोय नाही, बायका तर आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. अंग दुखतं म्हणून मुकादमाकडून नाहीतर टपरीवरून गोळी. सुट्टी घेतली तर खाडा कापला जातो. मध्य अमेरिकेतल्या उसाच्या कामगारांचं वाचलं आणि अंगावर काटा आला. आपल्या फडावर कोणी क्रिएटिनिन करतंय का?

चाफेकळी
शिवार, हा वेगळा धागा व्हायला हवा. नक्की काढा.

ओंजळ
लहान मुलांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना सकाळी डोळे सुजून उठायचा. सगळ्यांनी अॅलर्जी म्हटलं, आम्ही अॅलर्जीचं सिरप देत राहिलो. मग पोट फुगलं, चड्डीचं इलॅस्टिक रुतायला लागलं, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासली तर प्रोटीन चार प्लस. नेफ्रॉटिक सिंड्रोम. ऐकून आम्ही खचलो होतो, पण मुलांमधला हा प्रकार बहुतेकदा स्टेरॉइडला छान दाद देतो, वरचेवर उलटतो मात्र. डॉक्टरांनी घरीच पट्टीने लघवी तपासून वहीत लिहायला शिकवलं, सूज यायच्या आधीच कळतं. आता तो दहावीत आहे, कबड्डी खेळतो. मुलाचे डोळे आठवडाभर सकाळी सुजत असतील तर लघवीची साधी तपासणी करा एवढंच सांगणं. आणि घसा सुजून गेल्यावर किंवा अंगावर फोड-खरूज होऊन गेल्यावर एक ते सहा आठवड्यांत मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

वॉर्ड_नंबर_आठ
ओंजळ, फार छान लिहिलंत. यात एक जोडतो. लहान मूल दिवसभर लघवीला गेलंच नाही, हेसुद्धा धोक्याचं. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं नागपूरला आणली होती ती खोकल्याच्या औषधानंतर लघवी बंद होऊनच. औषधात डायथिलीन ग्लायकॉल निघालं. हेच विष १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलं होतं, लेंटिन आयोग त्यासाठीच बसला. इतक्या वर्षांनी तेच, फार राग येतो. लहानग्यांना साध्या सर्दी-खोकल्याला सिरपची बहुतेकदा गरज नसते.

गोंयकार
आमच्या गोव्यात, कोकणातही, कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून बिंबलांचा, म्हणजे बिलिंबीच्या आंबट फळांचा, रस प्यायची टूम आहे. केरळमध्ये असा रस पिऊन किडनी अचानक बंद पडल्याच्या केसेस डॉक्टरांनी लिहिल्यात, त्यातल्या ऑक्झलेटमुळे. आमटीत चार बिंबलं टाका, आंबट झकास, पण रस पेलाभर नको. कमरख (स्टारफ्रूट) तर किडनीच्या पेशंटने एक फोडसुद्धा नको, उचकी लागून माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो.

कृष्णाकाठी
मग शहाळं? आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जायचं तर शहाळं नेतात.

दुसरी_पाळी
आम्हाला नका आणू, कृपा करा. त्यात पोटॅशियम भरपूर, आमची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बीपीसाठी म्हणून कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यातही पोटॅशियमच असतं. गप्पा मारायला या, त्या चालतात आणि लागतातही.

मी डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा, दुपारच्या पाळीला. माझं बीपी विशीतच वाढलं होतं, तेव्हा इतक्या लहान वयात बीपी का, हे कोणी शोधलं नाही. कोवळ्या वयात बीपी निघालं तर किडनी बघा, ही खूण या धाग्यात यायला हवी होती म्हणून लिहितोय.

लोक तपासत का नाहीत ते मला माहितीय. भीती असते की तपासलं की डायलिसिस लावतील. उलट आहे हो. ज्यांना आधी कळतं ते डॉक्टरांशी बोलून तयारी करतात. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, करून ठेवतात, तो वापरण्याजोगा व्हायला आठवडे-महिने लागतात. हिपॅटायटिस बीची लस घेऊन ठेवतात. घरात कोण किडनी देऊ शकेल त्याच्या तपासण्या होतात. मी रात्री झोपलो की धाप लागून उठून बसत होतो, तसाच आणीबाणीत गेलो, मानेत नळी घालून सुरुवात झाली. शेजारच्या बेडवरचे काका स्वतः चालत आले, फिस्टुलावर शांतपणे सुरू झाले. फरक एवढाच की त्यांना दोन वर्षं आधी माहीत होतं.

पैशाचंही सांगतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, जिल्हा रुग्णालयांतही केंद्रं आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा.

आणखी एक, सगळ्यांनी लिहून ठेवा. किडनीचा आजार निघाला की डाव्या हाताच्या, म्हणजे आपण लिहीत नाही त्या हाताच्या, मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा जपायच्या. तिथून रक्त द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायचं नाही, तळहाताच्या मागच्या बाजूने घ्या म्हणायचं. त्याच शिरेवर पुढे फिस्टुला होतो.

सोनटक्का
दुसरी_पाळी, शिरांचं हे कधीच ऐकलं नव्हतं. तुम्हाला मनापासून शुभेच्छा. किडनी देणारं कोणी?

दुसरी_पाळी
आई देतेय. तपासण्या चालू आहेत. वॉर्डात बघतो तर देणाऱ्या बहुतेक आया आणि बायकाच.

औषधीबाग
मी आयुर्वेदाची पदवीधर वैद्य आहे. धाग्यात अजून कुणी काढा सुचवला नाही याचं बरं वाटलं, पण खाजगी निरोपात केळफूल यांना नक्की कोणीतरी पुनर्नवा-गोखरू सुचवलं असणार. आमच्या शास्त्रात ही द्रव्यं आहेत आणि मला त्यांचा आदर आहे. पण किडनी किती काम करतेय हे माहीत नसताना, रिपोर्ट न बघता, पोटॅशियम किती ते न बघता कुणीही काहीही घेऊ नये. आणि बिनलेबलच्या पुड्या, डायलिसिस टाळून देतो म्हणणाऱ्यांची भस्मं, यांच्यापासून लांब राहा, हात जोडून सांगते. पारा-शिसं नीट शोधन न झालेलं पोटात गेलं तर किडनी त्यानेच जाते. माझ्याकडे ईजीएफआर कमी असलेला पेशंट आला तर मी आधी नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचा, कागद मागते.

चाफेकळी
पाऱ्यावरून आठवलं. गोरं करणाऱ्या बिनकंपनीच्या क्रीमांतही पारा असतो. केरळच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या पेशंटांत हेच कारण दाखवलं, आणि अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमीही आली होती. तरुण मुलीच्या पायाला सूज आली तर ती तोंडाला काय लावते तेही विचारा.

केळफूल
रिपोर्ट आले. क्रिएटिनिन २.४, ईजीएफआर २२, एसीआर ११००, पोटॅशियम ५.४, हिमोग्लोबिन ८.९. बीपी १७०/१००. गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅकच निघाली. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) मात्र ६.४ आहे, तो बघून आतेभाऊ अजूनही म्हणतोय शुगर कंट्रोलमध्ये आहे.

वॉर्ड_नंबर_आठ
हिमोग्लोबिन ८.९ असताना एचबीएवनसी भरवशाचा नसतो, तो आकडा बाजूला ठेवा.

ईजीएफआर २२ म्हणजे चौथा टप्पा, पण डायलिसिसचा नाही. यातला काही भाग त्या गोळीमुळे अचानक घसरलेला असू शकतो, तो गोळी बंद केल्यावर थोडा परत येईलही. सोलापूर किंवा पुण्याला नेफ्रॉलॉजिस्टची वेळ याच आठवड्यात घ्या. जाताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या, जुने रिपोर्ट न्या, सोनोग्राफी करून न्या. शुगरच्या गोळ्यांचं तिथल्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, मेटफॉर्मिन असेल तर ईजीएफआर ३० च्या खाली ते थांबवतात, आणि शुगर परत कोसळायला नको. बीपी उतरवणं सगळ्यात मोठं काम. टेल्मिसार्टनसारखी गोळी, डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी किडनीची घसरण हळू करतात, पण तिच्या पोटॅशियमकडे बघून कुठली कधी सुरू करायची ते तेच ठरवतील, इथे वाचून सुरू करू नका. लोणचं, पापड, शेंगदाण्याच्या चटणीतलं वरचं मीठ आजपासून बंद. लघवी कमी झाली, धाप लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा ती गुंगीत वाटली तर वेळेची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

केळफूल
आतेभाऊ आता हलला. सोलापूरची बुधवारची वेळ मिळालीय, मी रात्रीच्या गाडीने निघतेय. आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं मग मेथीचं पाणी सोडू का. मी म्हटलं डॉक्टरांना विचारू, पण लोणचं आत्ताच सोड. त्यावर गप्पच झाली. दुसरी_पाळी, तिचा डावा हात जपायचं सांगितलंय.

दुसरी_पाळी
छान केलंत. बुधवारी काय झालं ते लिहा. जेवणाचं डाएटिशियनकडून लिहूनच घ्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. नातेवाईक काहीही सांगतील.

माणदेशी_पठ्ठ्या
वर लॅबवाल्यांचं फावतं म्हणालो होतो, ते पॅकेजबद्दलचं मत अजून तसंच आहे. पण आज आईचे गेल्या चार वर्षांचे रिपोर्ट काढून बसलो. वय ६८, बीपी आहे. क्रिएटिनिन ०.८, ०.९, १.०, १.१. चारही ठिकाणी नॉर्मल लिहिलंय. ईजीएफआर एकावरही नाही. कुठे काढायचा?

लॅबवाला_बंडू
वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढं असलं की निघतो, सूत्र ठरलेलं आहे. शेवटच्या १.१ वर आईंचा साधारण ५५ येतोय, आणि चार वर्षं आकडा एकाच दिशेने सरकलाय. यंदा क्रिएटिनिन परत करा, सोबत एसीआर. लॅबच्या फॉर्मवर ईजीएफआर छापून द्या असं लिहायला सांगा, वेगळे पैसे नसतात त्याचे.